विमा परतीचाही हवा

आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांमधून आखातात जाणारा माणूस पगार, ओव्हरटाइम, राहण्याची खोली, वर्षाची रजा हे सगळं खोदून खोदून विचारतो. आरोग्य विम्याबद्दल मात्र 'कंपनी देते' एवढ्यावर त्याचं समाधान होतं. माझ्या मते ही बेफिकिरी आपल्याला फार महाग पडते.

कंपनी देते, हे खरं. दुबईत २०१३ च्या कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली. जानेवारी २०२५ पासून अमिरातीच्या उरलेल्या भागांतही खासगी नोकरदारांना आणि घरकामगारांना विमा सक्तीचा झाला. पण तिथली मूळ योजना वर्षाला ३२० दिरहमची आहे. दवाखाने ठरलेले, आणि औषधांचे ३० टक्के पैसे रुग्णाच्या खिशातून. म्हणून निघण्यापूर्वीच विचारा : कोणते दवाखाने, माझा हिस्सा किती, बायको-मुलांचं काय?

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. हा विमा नोकरीला आणि व्हिसाला बांधलेला असतो. व्हिसा गेला की तोही जातो. आणि आखातातून आज ना उद्या बहुतेकांना परत यावंच लागतं. पंचविशीत गेलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह, रक्तदाब घेऊन गावी येतो, तेव्हा त्याच्याकडे दुमजली घर असतं, पण विमा नसतो. तीस वर्षं परदेशात राबलेल्या माणसाच्या बायपाससाठी जुम्याच्या नमाजनंतर वर्गणी गोळा होताना मी पाहिली आहे.

यावर उपाय एकच. आखातात कमावते असतानाच भारतातली एक पॉलिसी सुरू करा. अनिवासी भारतीयालाही ती घेता येते. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, म्हणून परतायच्या निदान चार वर्षं आधी सुरुवात हवी. अर्जात आजार लपवू नका. खोटं बोलणं गुनाह तर आहेच, शिवाय ऐन वेळी दावाही नाकारला जातो.

'विमा जायज आहे का?' हा प्रश्न मी टाळणार नाही. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्यावर चालणारा विमा मान्य केला. तकाफुल त्याच तत्त्वावर उभा आहे आणि आखातात तो मिळतो. भारतात तशी कंपनी नाही. मग इथल्या पॉलिसीबद्दल जाणत्या आलिमांना विचारा. मन मानत नसेल तर दरमहा ठरावीक रक्कम फक्त उपचारासाठी बाजूला ठेवा, किंवा जमातीतल्या परदेशी मुलांचा सामाईक निधी उभारा. पण काहीही न करता त्याला तवक्कुल म्हणू नका. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. घर बांधताना आपण पाया खणतोच की. मग शरीराच्या बाबतीतच एवढी ढिलाई का?