कौल स्वीकारण्याची कसोटी
मतदान सुरळीत पार पडले की लोकशाही सुरक्षित झाली, असे आपण सहज मानतो. पाकिस्तानचा इतिहास वेगळे सांगतो. ७ डिसेंबर १९७० रोजी तेथे प्रौढ मताधिकाराने राष्ट्रीय कायदेमंडळाची निवडणूक झाली. ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा स्वायत्ततेची मागणी करणाऱ्या शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. त्या सर्व पूर्व पाकिस्तानातील होत्या. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पक्षाच्या ८१ जागा पश्चिमेतील होत्या.

बहुमत स्पष्ट होते, तरी सत्तांतर झाले नाही. भुट्टोंनी ढाक्यातील अधिवेशनास नकार दिला आणि १ मार्च १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी ते लांबणीवर टाकले. २५ मार्चच्या रात्री लष्कर ढाक्यात उतरले आणि यादवी पेटली.

गोमंतकानेही त्याच काळात अस्मितेचा कठीण प्रश्न मतपेटीत सोडवला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकर यांचा पक्ष हरला, पण त्याच वर्षी विधानसभा निवडणूक जिंकून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. पराभूतांसाठी सत्तेचा सनदशीर मार्ग खुला राहिला होता.

दोन्हीकडे मतदान झाले. फरक पडला तो निकालानंतरच्या वर्तनाने. म्हणूनच कोणत्याही निवडणुकीकडे पाहताना विजयी कोण, याइतकाच पराभूत काय करतात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.