दुसऱ्या भागातल्या माणसांना काहीच कसं आठवत नाही?

न्यूटला मारलं ते बरोबर की चूक, यावरून माझ्या क्लासमधली दोन पोरं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. एक औशाचा, दुसरा धर्माबादचा. दोघे एकाच मेसला जेवतात, एकाच बाकावर बसतात आणि दोघांचीही ‘नीट’ परीक्षा तोंडावर आलेली. लातूरच्या ट्यूशन एरियात भांडणं होतात ती टेस्टच्या मार्कांवरून, नाहीतर पंख्याखालच्या जागेवरून. हे भांडण मात्र १९९२ सालच्या सिनेमावरून होतं, म्हणजे दोघांच्याही जन्माच्या कितीतरी आधीच्या.

मी झूलॉजी शिकवतो. मूळ नांदेडचा, पोटापाण्यासाठी लातूरला आलो. वर्गात सापांचे, डायनासोरचे विषय निघाले की मी वाहवत जातो हे पोरांना ठाऊक आहे, त्यामुळे असल्या खटल्यांचा निवाडा माझ्याकडेच येतो.

ज्यांनी हे ‘एलियन’ सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या ‘एलियन’मधून रिप्ली एकटी वाचते. जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये ती त्याच नरकात पुन्हा जाते आणि न्यूट नावाच्या अनाथ पोरीला वाचवून आणते. डेव्हिड फिंचरचा ‘एलियन ३’ सुरू होतो, यान कोसळतं आणि न्यूट मरते. सोबतचा हिक्सही मरतो. सिनेमा नीट सुरूही झालेला नसतो. चाहते यावर तीस वर्षं भांडतायत, आणि खुद्द कॅमेरॉनलाही ते रुचलं नव्हतं.

औशाच्या पोराचं म्हणणं सरळ होतं. “सर, दोन तास आम्ही त्या लेकरासाठी जीव मुठीत धरून बसलो. अन् पुढच्या पिक्चरमध्ये सुरुवातीलाच मारून टाकलं? मग तिला वाचवलं कशाला?” धर्माबादचा रिपीटर आहे, नीटची ही त्याची दुसरी खेप. तो म्हणाला, “मरतेत की माणसं. सांगून मरतेत का?”

बोलता बोलता एक गंमत लक्षात आली. दोघांनी वेगवेगळा ‘एलियन्स’ पाहिला होता. थिएटरात आला तो एक, आणि पुढे काही वर्षांनी आलेला लांबवलेला दुसरा. रिप्ली अंतराळात ५७ वर्षं झोपून राहिलेली असते. लांब आवृत्तीत तिला कळतं की अकराव्या वाढदिवसाला घरी येते असं जिला सांगितलं होतं ती मुलगी म्हातारी होऊन मेलीसुद्धा. औशाच्या पोरानं हे पाहिलं होतं, म्हणून न्यूट त्याला रिप्लीची दुसरी लेक वाटत होती. धर्माबादच्याला रिप्लीला मुलगी होती हेच माहीत नव्हतं. दीड-दोन मिनिटांचा प्रसंग असेल. तो काढला की बाईची धडाडी उरते, ठेवला की तिचं दुःख दिसतं.

माझा कौल मी दिला, आणि तो औशाच्याला अजिबात आवडला नाही. न्यूटला मारणं हा गुन्हा नाही. ‘एलियन ३’मध्ये इतर दोष भरपूर आहेत, फिंचर स्वतः त्या सिनेमाचं नाव काढत नाही. पण त्यातली रिप्ली त्या लेकराचं शवविच्छेदन करायला लावते, कारण पोरीच्या छातीत तो प्राणी तर नाही ना, ही शंका तिला झोपू देत नाही. ते होईपर्यंत ती तिथंच उभी राहते. म्हणजे मागचे दोन्ही सिनेमे त्या बाईच्या अंगावर आहेत. पुढच्या भागाकडून मी एवढंच मागतो. पात्राला मारा, दमवा, भित्रं करा, चिडकं करा; पण त्याच्यावर काय बेतलं होतं ते विसरू नका.

या सिनेमांत राक्षसाची बडदास्त मात्र उत्तम ठेवतात. एलियनचं जीवनचक्र माझी पोरं फळ्यावर काढून दाखवतील : अंडं, तोंडाला चिकटणारा टप्पा, छाती फोडून येणारा, मग पूर्ण वाढलेला. आपल्या घराच्या छताला मातीचं घरटं करणारी कुंभारीण माशी असलंच काही करते. घरट्यात अंडं घालते, अळीला नांगी मारून बधिर करते, आत कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. आतलं पिल्लू ती जिवंत अळी खात वाढतं. हे मी शिकवतो तेव्हा मागच्या बाकावरचेही जागे होतात. प्राण्याच्या प्रत्येक अवस्थेचा एवढा विचार करणारे लेखक माणसापाशी येतात तेव्हा मागच्या भागातून पुढच्या भागात त्याला कोरा करकरीत आणून ठेवतात.

रजनीकांतच्या सिनेमाचंच बघा. धर्माबाद-बिलोलीकडची पोरं त्याला ‘रोबो’च म्हणतात, तेलुगूत पाहिलेला असतो. २०१० च्या त्या सिनेमाच्या शेवटी चिट्टी हा रोबो स्वतःच्या हातानं स्वतःचे भाग सुटे करतो, तेव्हा थिएटरात भल्याभल्यांचे डोळे भरून आले होते. २०१८ च्या ‘२.०’मध्ये त्याला पुन्हा जोडतात आणि कामाला जुंपतात. आधी हातून काय घडलं, कोण मेलं, याचं कसलंही ओझं त्याच्यावर दिसत नाही. भूतकाळ मिळालाय तो पक्षीराजनला. पाखरं मेली म्हणून मोबाइल टॉवरवर गळफास घेणारा तो म्हातारा शेवटी लक्षात राहतो, आणि तो तर खलनायक!

‘ज्युरासिक’वाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. पहिला ‘ज्युरासिक पार्क’ आपल्याकडे १९९४ मध्ये हिंदीत आला, आणि इंग्रजी सिनेमाला कधी न फिरकलेली मंडळी लेकराबाळांसकट रांगेत उभी राहिली. १९९७ च्या दुसऱ्या भागात पहिल्यातलाच माल्कम नायक. मायकल क्रायटननं पहिल्या कादंबरीत त्याला जवळपास मारलाच होता, दुसरीत परत आणला. या माल्कमबद्दल चाहत्यांची तक्रार असते की पहिल्या भागातला त्याचा मिश्कीलपणा गेला, माणूस रडका झाला. मला तोच माल्कम खरा वाटतो. मरता मरता वाचला, खरं बोलला म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. असा माणूस विनोद करत हिंडेल?

याच मालिकेतल्या पुढच्या सिनेमांतल्या क्लेअरचं उलट. २०१५ मध्ये तिला भाच्यांची वयंसुद्धा माहीत नसतात, उंच टाचांचे बूट घालून ती जंगलातून पळते, आणि त्या टाचांवरच जगभर वाद झाले. २०१८ मध्ये तीच डायनासोर वाचवायची संस्था चालवताना भेटते. बदल चांगला आहे, पटण्यासारखाही आहे, फक्त आम्हाला न दाखवता उरकला. (जाता जाता : २०२२ च्या भागात पिकं फस्त करणारे अवाढव्य टोळ आहेत. डायनासोर सोडून किडे काय दाखवता म्हणून चाहत्यांनी टर उडवली. सोयाबीन पेरणाऱ्याला विचारा, टी-रेक्स परवडला म्हणेल.)

यावर एक पक्ष म्हणतो, राक्षसाच्या सिनेमात माणसं हवीतच कशाला? गॉडझिला आणि काँगची जुंपू द्या, माणसं बोलायला लागली की पोरं मोबाइल काढतात. निरीक्षण खरं आहे, पण दोष पोरांचा नाही. ती माणसं पुठ्ठ्याची असतात, म्हणून कंटाळा येतो. २०२३ चा जपानी ‘गॉडझिला मायनस वन’ पाहताना, आपल्याकडे बहुतेकांनी तो मोबाइलवरच पाहिला, माझ्या क्लासमधलं कुणी कंटाळलं नाही. त्यात गॉडझिला आहे किती वेळ? बाकी सगळा वेळ शिकिशिमा आहे, आत्मघाती मोहिमेवरून बिघाडाचा बहाणा करून परतलेला, ऐन वेळी बंदुकीचा चाप न ओढू शकलेला वैमानिक. युद्ध संपतं, घर उभं राहतं, घरात लेकरू खेळतं, आणि हा रात्री ओरडत उठतो. हॉलिवूडच्या मानानं किरकोळ पैशांत केलेल्या या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

हे लातुरात मी इतक्या हट्टानं का बोलतो, तेही सांगतो. तुलना कुणाला खटकली तर खटकू द्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात दगड-मातीच्या भिंतींखाली, माळवदांखाली गाडली गेली. हजारो माणसं गेली. गावं नव्या जागी वसवली, भूकंपाला टिकतील अशी घरं दिली. कागदावर तिथं दुसरा भाग सुरू झाला. पण त्या भागातले माझे एक सहकारी आजही वरच्या मजल्यावर खोली घेत नाहीत. रस्त्यानं जड ट्रक गेला की त्यांचं बोलणं मधेच थांबतं, खडू हातात तसाच राहतो आणि मग ते पुढचं वाक्य बोलतात. पोरांना ती सरांची लकब वाटते. त्या पहाटे ते किती वर्षांचे होते हे मला माहीत आहे, म्हणून मला ती लकब वाटत नाही. अशी माणसं रोज शेजारच्या वर्गात शिकवत असताना, मागच्याच भागात अख्खं शहर पडताना पाहिलेला नायक पुढच्या भागात चकाचक केसांनी चुटके सांगत आला, की माझं डोकं फिरतं.

म्हणून पोरांच्या या भांडणांना ‘टाइमपास’ म्हणणाऱ्या पालकांशी माझं जमत नाही. नांदेडला भाग्यनगरात माझ्या एका मित्राचा क्लास आहे, तिथंही हेच चालतं म्हणे. त्याचं निरीक्षण असं, की घाबरलेल्या, खचलेल्या नायकाची बाजू जास्त करून रिपीटरच घेतात. मला यात नवल वाटलं नाही.

सध्या आमच्याकडे वाद ‘तुंबाड’वर आलाय. ती विज्ञानकथा नाही, पण राक्षस आहे आणि तोही आपला. २०१८ चा सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तुफान चालला, आणि त्याच सुमाराला दुसऱ्या भागाची घोषणा झाली. औशाचा म्हणतो, आता त्या राक्षसाचा, हस्तरचा, सगळा इतिहास दाखवतील. दाखवोत. हस्तर कसाही आला तरी थिएटर भरणारच आहे. माझं लक्ष नायकाच्या पोराकडे, पांडुरंगाकडे असेल. त्या पोरानं बापानं पुढं केलेलं सोनं नाकारलं आणि बापाला स्वतःच्या हातानं जाळलं. आणि हस्तरला भुलवायला वाड्यात न्यायची वस्तू म्हणजे कणकेची बाहुली. तो पांडुरंग आता मोठा झाला असेल, लग्न झालं असेल, घरात रोज संध्याकाळी परातीत कणीक मळली जात असेल. त्या वेळी तो स्वयंपाकघरात थांबतो की उठून बाहेर जातो, हे दिग्दर्शकानं ठरवलंय का, एवढंच मला विचारायचंय.