पाण्यातले बाळंतपण आणि आपला खारपाणपट्टा

(बी. ए. भाग २)

मोबाईलवर सध्या जलप्रसूतीच्या चित्रफिती पुष्कळ फिरतात. कोमट पाण्याच्या हौदात बसलेली बाळंतीण, आणि तिच्या छातीशी नुकतेच पाण्याबाहेर आलेले बाळ. आमच्या वर्गात यावरून सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले. दुसरा म्हणतो, जे नैसर्गिक ते निर्धोकच. माझ्या मते दोघांनीही विषय नीट पाहिलेला नाही.

पहिला प्रश्न, बाळ बुडत कसे नाही? माझ्या वहिनीनेही हेच विचारले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. आणि तिचे दिवस भरत आलेले, तेव्हा उत्तर जपूनच द्यायला हवे होते. गर्भात बाळ पाण्यातच असते, प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो. निरोगी बाळ हवेचा स्पर्श होईपर्यंत सहसा श्वास घेत नाही. परंतु कळांमध्ये गुदमरलेले बाळ पाण्यातच श्वास ओढू शकते. खरी भीती ती. शिवाय बाळाला घाईने वर उचलले तर नाळ तुटते.

फ्रान्समधील पितिविए येथील डॉ. मिशेल ओदाँ यांनी १९८३ साली अशा शंभर बाळंतपणांचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये दिला, तेव्हापासून वाद चालू आहे. २०२४ साली इंग्लंडकडील मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. कळांच्या वेळी पाण्यात बसलेल्या ८७,०४० स्त्रियांची ती नोंद. पाण्यातच बाळंत झाल्याने आईच्या गंभीर जखमा वा बाळाचे धोके वाढलेले दिसले नाहीत. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र अधिक, शंभरात एकाच्या आसपास. उलट अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचे २०१६ चे मत असे, की सुरुवातीच्या कळा पाण्यात सोसाव्यात, बाळंतपण कोरड्यावर करावे. टेक्सासमध्ये २०१४ साली जलप्रसूतीनंतर हौदातल्या पाण्यातील जंतूंनी एक अर्भक दगावले, हेही विसरून चालणार नाही.

इंग्लंडातल्या त्या स्त्रिया बहुतांशी धडधाकट होत्या, जवळ शिकलेली सुईण होती, आणि नळाला स्वच्छ पाणी होते. इथेच आपला प्रश्न सुरू होतो. अशा एका हौदाला पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागते, तेही ३७.५ अंशांच्या वर जाऊ न देता. मी जठारपेठेत खोली करून राहते. काटेपूर्णेचे पाणी इथे रोज येत नाही. माझे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अंगात रक्त नसलेल्या गरोदर बायका घरोघरी. त्यांना हौदात बसवा असे मी म्हणणार नाही. वहिनीलाही 'नको' असेच सांगितले.

पण म्हणून पाण्याचा विषय संपत नाही. आमची आजी सांगते, "कमरेवरून ऊन पानी सोडलं का कळ सोसाले सोपी जाते." २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने पंधरा प्रयोग तपासून जवळपास तेच म्हटले: पहिल्या टप्प्यात पाण्यात बसणाऱ्यांना पाठीत भुलीचे इंजेक्शन कमी लागते. आजीला कोणी विचारले नव्हते, एवढेच. आणि १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने उतरले. पाण्याने बाळंतिणींचे सर्वांत मोठे भले केले ते हात धुऊन.

मी एक सरकारी प्रसूतिकक्ष पाहिला आहे, नाव सांगत नाही. न्हाणीतला नळ कोरडा, आणि कळा देणाऱ्या बाईला बाजेवरून उठायची मनाई. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतिणीलाही आत जागा आहे. हौद राहू द्या. एक बादली ऊन पाणी, उभे राहायची मोकळीक आणि जवळ एक ओळखीची बाई, एवढे मिळाले तरी चोचले म्हणणाऱ्यांचेही समाधान व्हावे.

रासेयोच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. पुढच्या शिबिरात त्या गावच्या उपकेंद्राची न्हाणी उघडून पाहावी, नळाला पाणी किती दिवसांनी येते ते वहीत लिहावे, आणि ती वही जिल्हा परिषदेत नेऊन द्यावी, असे मी प्राध्यापकांना सुचविते.