बाकड्यावरचं नाव

गणपतीची वर्गणी ठरवायला रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. मंडपाच्या रोषणाईवर पाऊण तास गेला, त्याला माझी हरकत नाही. पण पुढचा अर्धा तास चेंबरचं तुटलेलं झाकण, कोपऱ्यावरचा बंद दिवा आणि उखडलेला फूटपाथ यांवर गेला. सगळे तावातावाने बोलत होते. मी पिशवीतून नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचे अर्ज काढले. क्षेत्रीय कार्यालयातून वीस आणून ठेवले होते. म्हटलं, आत्ता जे बोललात तेच इथे लिहा, सही करा, नेऊन मी देतो. एकदम सगळे गप्प. एकाला ऑफिसचा फोन आला. दुसरा म्हणाला, "काका, याने काय होणार?" तिसऱ्याने अर्ज घेतला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वर्गणीचा हिशेब मांडला.

मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त तयार करून स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवते आणि 31 मार्चच्या आत ते मंजूर व्हावं लागतं. पुण्यात 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांनाही त्यात कामं सुचवता येतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने 1989 मध्ये सुरू केलेली ही पद्धत. आपल्याकडे साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात अर्ज घेतात. एका कामाला 5 लाखांपर्यंतची मर्यादा असते. फूटपाथ, दिवे, बसथांबा, बाकडी, स्वच्छतागृह अशी कामं. अभियंते ते काम होण्याजोगं आहे का बघतात, खर्च काढतात आणि पुढे प्रभाग समितीत निवड होते.

पुणे महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचं होतं. त्यापुढे 5 लाख म्हणजे चिमूटभर, हे मलाही दिसतं. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते चिमूटभर वाटत नाहीत.

काकू शहात्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे दुखतात. भाजी मात्र स्वतः निवडूनच घ्यायची, त्यामुळे रोज उताराच्या तळाशी असलेल्या मंडईत जातात. येताना चढ. हातात पिशवी. अर्ध्या वाटेवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून दम खात असत. आता त्या पायरीवर लोखंडी टोकं बसवली आहेत, कुणी बसू नये म्हणून. मीटिंगमध्ये त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. सगळे गेल्यावर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "एक अर्ज मला दे बरं." त्यांनी बाकडं मागितलं आणि जागेच्या रकान्यात लिहिलं: चढाच्या मध्यावर, रसवंतीगृहाच्या अलीकडे, वडाखाली, तिथे सकाळी दहानंतर सावली असते.

सावली कधी असते हे कुठल्या अभियंत्याला ठाऊक असणार? पाहणीला येऊन येऊन तो एकदाच येणार. रोज त्या चढावर थांबणाऱ्या बाईलाच ते माहीत. या अर्जात मला मोलाचं वाटतं ते हे.

बाकड्याचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी ठसठस सांगतो. माझा सकाळचा फिरण्याचा रस्ता या सदराच्या वाचकांना पाठ झाला असेल. त्या रस्त्यावर अकरा बाकडी आहेत. त्यांपैकी नऊ बाकड्यांच्या पाठीवर नाव आहे. अमुक यांच्या विकास निधीतून, तमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून. एका बाकड्यावर जुनं नाव पुसून नवं रंगवलंय आणि पावसाने नव्याचा रंग उडून जुनं पुन्हा डोकावतंय. गेल्या महिन्यात नातू बरोबर होता. नुकतं जोडाक्षरं वाचायला लागलाय, दिसेल ती पाटी वाचतो. त्याने ते नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आजोबा, हे बाकडं या काकांचं आहे? मग आपण बसायचं का?"

मी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, हे आपलं आहे. आपण मिळकतकर भरतो, समोरचा इस्त्रीवाला वस्तू विकत घेताना कर भरतो, त्या पैशांतून हे आलंय. त्याला किती कळलं कोण जाणे. मोठ्यांनाही कळत नाही, हे रविवारी पाहिलं. बाकडं कुणाच्या तरी कृपेने मिळतं असं एकदा मनात बसलं, की माणूस अर्ज करत नाही, ओळख काढतो. आणि ओळख नसली की गप्प बसतो. बाकड्यांवरून ही नावं काढून टाकली पाहिजेत, सगळ्यांची, सगळ्या पक्षांची. लिहायचंच असेल तर खर्च किती झाला ते लिहा, कुठल्या वर्षी झाला ते लिहा.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. पालिकेच्या कारभारात 'वर्गीकरण' नावाचा एक शब्द आहे. एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामाकडे वळवणं. आपलं काम यादीत आलं म्हणून ते झालंच असं नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि मग तर अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा प्रशासक एकच, अशी वर्षं आपण पाहिली. पण म्हणून अर्ज करायचाच नाही? अशा वेळी तर तो आधी करायला हवा. लेखी मागणी फायलीत राहते. कट्ट्यावरचं बोलणं चहाबरोबर संपतं.

बुधवारी मी अर्ज देऊन आलो. चौसष्ट घरांतून सात अर्ज. काकूंचा सगळ्यांत वर ठेवला होता.

तुम्हीही द्या. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन शेवटची तारीख विचारा. जागा नेमकी लिहा, खांबाचा नंबर, दुकान, झाड, जे असेल ते. एका अर्जात एकच काम लिहा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मार्चमध्ये अंदाजपत्रकात आपलं काम शोधताना ती पोच हातात लागेल. ती मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.