बालशिक्षणाची मानके कोणाला बांधणारी?

तीन ते सहा या वयातील मुलांच्या शिक्षणाला काही मानके असावीत, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून शिक्षणाच्या औपचारिक रचनेत आणला आणि 20 ऑक्टोबर 2022 रोजी त्या स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हाच तो वाद तत्त्वतः मिटला. ही मानके नेमकी कोणाला बांधणारी असावीत, हा प्रश्न मात्र अजून नीट विचारला जात नाही. या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर चांगल्या हेतूने लिहिलेले मानकही लहान मुलाच्या वाट्याला जाच म्हणूनच येते.

बालशिक्षणातील मानके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्यवस्थेच्या मानकांचा; मुलांना किती जागा मिळावी, एका प्रौढ व्यक्तीकडे किती मुले असावीत, शिक्षिकेचे प्रशिक्षण कोणते असावे, पाणी आणि स्वच्छतागृह कसे असावे, हे ती सांगतात. दुसरा प्रकार अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे ठरावीक टप्प्यावर मुलाला काय समजावे व काय करता यावे याविषयीच्या अपेक्षांचा. पहिल्या प्रकारात कसोटी संस्थेची आणि शासनाची लागते, दुसऱ्या प्रकारात ती मुलाची लागण्याचा धोका असतो. म्हणूनच या दोहोंमधील अग्रक्रम ठरवणे ही बालशिक्षणाच्या धोरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरते.

व्यवस्थेची मानके भारतात लिहिली गेलेली नाहीत, असे नाही. 2013 च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक प्रौढ, तीन वर्षांखालील 10 मुलांमागे एक प्रौढ, 30 मुलांच्या गटासाठी किमान 35 चौरस मीटरची खोली आणि त्याशिवाय बाहेर खेळायला जागा, रोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम व तो मातृभाषेत किंवा परिसरभाषेत, अशा किमान अटी स्पष्ट शब्दांत नोंदवल्या. या आकड्यांमागे बालविकासाची साधी समज आहे. चार वर्षांचे मूल शिकते ते हालचालीतून, वस्तू हाताळण्यातून आणि आपले बोलणे मन लावून ऐकणाऱ्या मोठ्या माणसाशी होणाऱ्या संवादातून. एका खोलीत 50 मुले बसवली की हालचाल संपते, संवादाची जागा सामूहिक घोकंपट्टी घेते, आणि शिक्षिका कितीही प्रेमळ असली तरी तिचा बराचसा वेळ मुलांना गप्प बसवण्यातच जातो.

तरीही या अटींना कायद्याचे बळ नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 6 ते 14 या वयोगटाला हक्क देतो आणि प्राथमिक शाळेसाठी शिक्षकसंख्येपासून इमारतीपर्यंतचे निकष परिशिष्टात बांधून देतो; तीन वर्षांवरील मुलांसाठी मात्र त्याच कायद्याचे कलम 11 शासनाला ‘आवश्यक ती व्यवस्था करता येईल’ एवढेच म्हणून थांबते. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने बदललेला अनुच्छेद 45 सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगतो, पण मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे पालकाला न्यायालयात हक्क मागता येत नाही. परिणामी मुलाचे वय जितके कोवळे, तितके त्याचे कायदेशीर संरक्षण तोकडे, अशी उलटी स्थिती निर्माण झाली आहे.

व्यवस्थेच्या बाजूने असे मौन असताना मुलाकडून असलेल्या अपेक्षा मात्र वर्षागणिक अधिक काटेकोर होत आहेत. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीपूर्व वर्षाच्या, अखेरीस मुलाने अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखावेत, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत आणि 10 पर्यंतचे अंक ओळखावेत, अशी लक्ष्ये आहेत. ती मुळात वाईट नाहीत. गोष्टी, गाणी, चित्रे आणि भरपूर बोलणे यांतून आलेल्या मुलाला ती सहज साधतात. परंतु ज्या शिशुवर्गात हा पाया घालायला ना जागा आहे ना प्रशिक्षित शिक्षिका, तिथे हीच लक्ष्ये पोहोचली की साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल येते, गृहपाठाची वही येते आणि न येणाऱ्या अक्षरासाठी ओरडाही येतो. या वयात काही महिन्यांच्या अंतरानेही विकासात मोठा फरक पडतो आणि प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, हे अशा घाईत कोणी लक्षात घेत नाही.

या विकृतीची जाणीव नवी नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 च्या अहवालातच पूर्वप्राथमिक संस्था उघडण्यावर व चालवण्यावर कायदेशीर नियमन असावे, त्यांच्यासाठी जागा, कर्मचारी व साधने यांचे निकष ठरवावेत, आणि शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती. लहानग्यांवर औपचारिक वाचन-लेखन-अंकगणित लादणे ही त्यांच्यावरील हिंसा आहे, अशीच त्या समितीची भूमिका होती.

मानके आली की सगळीकडे एकसाचीपणा येईल, ही भीती अनेक शिक्षणप्रेमी व्यक्त करतात आणि ती निराधार नाही. परंतु महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास तिला उत्तर देतो. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह ते आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून खडे, बिया, शंख-शिंपले आणि पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. साधने बदलली, स्थळ बदलले, पण मुलाच्या स्वातंत्र्याचा, स्वच्छतेचा आणि शिक्षिकेच्या तयारीचा आग्रह तसूभरही सैल झाला नाही. तत्त्वात ठाम आणि तपशिलात लवचीक असे मानक कसे असते, याचा हा वस्तुपाठ आहे. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलाची भाषिक समज केवळ प्रमाण मराठीच्या शब्दांनी मोजणे हे त्यामुळेच या परंपरेशी विसंगत ठरते.

अध्ययन निष्पत्तींचे योग्य स्थान शिक्षिकेच्या निरीक्षणात आहे. खेळताना, गोष्ट ऐकताना, मण्यांची रांग लावताना मूल काय करते हे पाहून उद्या त्याच्यासमोर कोणता अनुभव ठेवावा, हे ठरवायला त्या मदत करतात. मुलाला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायला किंवा प्रवेश नाकारायला त्या वापरल्या जाऊ नयेत. असे निरीक्षण करायला वेळ लागतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविकेवर पूरक पोषण, लसीकरणास साहाय्य, आरोग्यशिक्षण आणि त्या सर्वांच्या नोंदी यांचा भार आहे. पूर्वप्राथमिक शिक्षण हे तिच्या अनेक कामांपैकी एक, आणि बहुधा सर्वांत शेवटी उरणारे काम असते. तिचे मानधन, प्रशिक्षण आणि कामाची विभागणी हीदेखील गुणवत्तेची मानकेच आहेत, हे शासनाने मान्य केले पाहिजे.

म्हणून क्रम उलटा करण्याची गरज आहे. महाराष्ट्राने सहा वर्षांखालील मुलांच्या प्रत्येक केंद्राला, मग ती अंगणवाडी असो की शहरातील सदनिकेत चालणारा खासगी शिशुवर्ग, जागा, प्रौढ-बालक प्रमाण, प्रशिक्षण, सुरक्षितता आणि परिसरभाषा यांचे निकष कायद्याने बंधनकारक करावेत; अंगणवाड्यांना ते गाठता यावेत म्हणून लागणारा निधी अर्थसंकल्पात ठेवावा; आणि लेखी परीक्षा व प्रवेश-मुलाखत यांना या वयोगटात कोणत्याही नावाने थारा देऊ नये. पालकांनीही शिशुवर्ग निवडताना मूल किती लिहू लागेल हे विचारण्याआधी, एका बाईंकडे किती मुले आहेत आणि त्यांना खेळायला किती जागा व किती वेळ मिळतो, हे विचारावे. मोठ्यांनी आपली मानके पाळल्याशिवाय लहानांकडून कोणतीही अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार समाजाला नाही.