कोपीतला अंधार

दसरा-दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड तालुक्यांतल्या वस्त्या ओस पडू लागतात. उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, मुकादमामागे निघतात. कुणी सांगली-कोल्हापूर गाठतो, कुणी थेट कर्नाटक. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे तळावरची नाहीतर उसाच्या फडालगतची कोपी, तात्पुरती झोपडी. तिथे ना खांब, ना मीटर. पहाटे तीन-चारला उठलेली बाई मोबाइलची बॅटरी डब्याला टेकवून भाकऱ्या थापते. रात्री-अपरात्री ट्रक आला, की मोळी डोक्यावर घेऊन त्याच अंधारात फळीवरून वर चढायचे. पाचटात साप-विंचवाची भीती कायमची. मोबाइल चार्ज करायलाही टपरीवाल्याला पैसे मोजायचे.

हा अंधार हटवू शकणारी सौरऊर्जा जालना जिल्ह्याला नवी नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच वाटा भरावा लागतो. पण त्यासाठी सातबारा हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना ७८ हजारांपर्यंत अनुदान देते. तिला छत हवे, वीजजोडणी हवी. भूमिहीन मजुराकडे यातले काय आहे? पत्र्यावर पॅनल बसवले, तरी अर्धे वर्ष त्या घराला कुलूपच. ज्याचे बिऱ्हाड फिरते, त्याचा दिवाही फिरता हवा.

हे अशक्य नाही. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या आयआयटीने महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांना अवघ्या १२० रुपयांत सौरदिवे दिले. जोडणी आणि दुरुस्तीचे काम गावातल्याच माणसांना शिकवले, आणि खरी मेख तिथेच आहे. दिवे वाटताना फोटो निघतात. वर्षा-दोन वर्षांनी बॅटरी बसली की दिवा अडगळीत जातो. म्हणून प्रत्येक मोठ्या तळावर दुरुस्ती करणारा हात हवा, आणि तो मजुरांच्याच पोरापोरींचा असावा.

पैशाचीही वाट आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरलेलेच आहे. त्या निधीतून कोयत्यामागे एक दिवा आणि मोबाइल चार्ज होईल एवढे छोटे पॅनल देणे महामंडळाला जड नाही. यंदाच्या गाड्या सुटण्याआधी, जालन्यातल्या गावातच, ते मजुरांच्या हाती पडले पाहिजे.