कॉम्प्युटरचा कोर्स की दुकानातलं काम? फी भरण्याआधी विचार करा

सिंधुदुर्गनगरी : बारावी झाली की आपल्या घरांत "पोराला कॉम्प्युटरमध्ये घालू या" असं सर्रास म्हटलं जातं. पण कॉम्प्युटरमधलं नेमकं काम कुठलं, हे न ठरवताच फी भरली जाते. खरी चूक इथेच होते.

ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालय आहे, जिल्हा परिषद आहे. अशा सरकारी कारकुनी नोकरीसाठी संगणक हाताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे एमएस-सीआयटी चालते. मात्र २००१ पासून सुरू असलेला हा कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नव्हे. तेवढ्यावर रिपेअरिंगची रोजी मिळणार नाही.

रिपेअरिंगचं काम तर आहे. कोकणातली दमट हवा, पावसाळ्यातल्या विजा, कमी-जास्त होणारं व्होल्टेज यांनी एसएमपीएस आणि मदरबोर्ड जातात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. कुठलं जुनं मशीन चालेल, कुठलं बदलावं, हे गिऱ्हाइकाला खरं सांगणारा माणूस हवा. मल्टिमीटर हातात धरून दोन वर्षं उस्तादाकडे घालवलेला पोरगा ते सांगू शकतो. सर्टिफिकेट बघायला गिऱ्हाईक थांबत नाही.

मग कागद फुकट का? नाही. आखातात किंवा मुंबई-पुण्याच्या कंपनीत अर्ज करताना तुमचा हात कुणी बघत नाही, आधी कागदच बघतात. तिथे काँपटिया ए-प्लस किंवा सिस्कोचं सीसीएनए उपयोगी पडतं. पण दोन्हींची मुदत तीन वर्षांची. पुढे नूतनीकरण करावं लागतं. आणि ए-प्लसच्या परीक्षेआधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव असावा, असं खुद्द काँपटियाच सुचवते. म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यालासुद्धा अनुभव हवाच आहे.

आपल्यात हुनर आहे पण कागद नाही, अशी माणसं पुष्कळ. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'आरपीएल' हा मार्ग ठेवण्यात आला. यात आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं जातं. सध्या आपल्या कामासाठी ते कुठे मिळतं, याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी.

आमचं म्हणणं सरळ आहे. सरकारी नोकरी हवी असेल तर जाहिरात वाचून त्यात मागितलेलाच कोर्स करा. रिपेअरिंग करायचं असेल तर आधी दुकानात बसा, मग आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा ट्रेड किंवा ए-प्लस बघा. आखातात जायचं असेल तर जाण्याच्या बेताला धरून परीक्षा द्या. चार वर्षं आधी दिलेल्या परीक्षेची मुदत तोवर संपलेली असेल.

आणि मुलींना यातून वगळू नका. लॅपटॉप उघडायला ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते.